मागून येणारा आवाज

१

संध्याकाळी नवरा घरी आला की त्याचे आवाज ठरलेले असत. आधी लिफ्टचं दार खडखडायचं. मग किल्ली कुलपात अडायची, कारण ते कुलूप पहिल्या दिवसापासून हट्टी होतं. मग किल्ल्यांचा जुडगा फळीवर पडायचा, बूट काढताना दाराजवळचा लाकडी बाक कुरकुरायचा, आणि शेवटी 'आलो गं' यायचं. तेही कोणाला ऐकू गेलं तर गेलं, नाही तर नाही, अशा बेतानं म्हटलेलं. मागच्या खोलीत काम करत बसलेली बायको तिथूनच 'हं' म्हणायची. या 'आलो गं' आणि 'हं' वर त्यांचा संसार कित्येक वर्षं बिनबोभाट चालला होता.

बायकोला ऑफिसात सगळे जॅमरबाई म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, बाई फळांचा जॅम करून विकत असतील. तसं काही नव्हतं. तिची कंपनी लढाऊ विमानांचा व्हिडिओ गेम बनवत होती आणि त्यातली रडारं आंधळी करायचं काम तिच्याकडे होतं. शत्रूच्या रडारला विमान दिसू नये, किंवा भलतीकडेच दिसावं, म्हणून विमानातल्या जॅमर नावाच्या यंत्रातून जे खोटेनाटे इशारे सोडतात ते सगळे तिनं गेममध्ये हुबेहूब उतरवायचे. कामात मन रमत होतं. इतकं, की कानावर हेडफोन चढवले की संध्याकाळ कधी झाली ते तिला कळायचं नाही.

त्या दिवशी एका कानावरचा हेडफोन तिनं नुकताच सरकवला होता. लिफ्ट वाजली. किल्ली अडली. जुडगा फळीवर पडला, आणि पडला.

दोनदा नव्हे. एकदाच, पण जरासा रुंद. छपाईत एखादा रंग केसभर सरकला की अक्षराला दुहेरी कड येते, तशी त्या आवाजाला कड आली होती. मग 'आलो गं' आलं, त्यालाही तीच कड.

तिनं हेडफोन काढून उलटासुलटा करून पाहिला, वायर हलवली, 'हं' म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

२

गेम खरा वाटावा म्हणून कंपनीनं एक सल्लागार ठेवला होता. आयुष्यभर काळोख्या खोलीत रडारच्या हिरव्या पडद्यासमोर नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळे त्यांना रडारकाका म्हणत. ते येताना चहाचा थर्मास आणि खुर्चीवर ठेवायची उशी घरून आणत, आणि उशी नीट बसल्याशिवाय तोंड उघडत नसत.

"रडार म्हणजे काय हो, जॅमरबाई?" ते म्हणायचे. "अंधारात हाक मारायची. हाक कशावर तरी आपटून परत आली की समजायचं, तिथं कोणीतरी आहे. बाकी सगळी कारकुनी."

तिनं आधी केला होता तो नुसता गोंगाट. गेम खेळणाऱ्यानं बटण दाबलं की शत्रूचा पडदा मीठ सांडल्यासारखा पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जायचा. काकांनी तो बघितला आणि नाक मुरडलं.

"हे म्हणजे कानाशी मिक्सर लावला. गोंगाट झाला की माणूस सावध होतो, बाई. फसवायचं तर गोडीनं फसवावं."

मग त्यांनी तिला एक युक्ती सांगितली. त्यांच्या खोलीतले लोक तिला 'बोट धरून नेणं' म्हणत.

"विमानावर आपटून खरा प्रतिध्वनी येतो, त्याच्या अंगावर तस्साच एक खोटा ठेवायचा. तंतोतंत. पडद्यावर ठिपका एकच दिसतो. फक्त खोटा जरा जोरकस. यंत्राला जोरकस आवडतं. माणसालाही म्हणा. ते त्याच्यावर डोळा लावून बसतं. एकदा बसलं, की खोट्याला हळूच मागे सरकवायचं. केसभर. मग आणखी केसभर. पोराचं बोट धरून बाजारात न्यावं, तसं यंत्र त्याच्यामागे चालू लागतं."

"आणि खरा?"

"खरा तिथंच असतो की. त्याच्याकडे कोणी बघत नसतं, एवढंच."

"शेवटी काय होतं?"

काकांनी थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं. "आधी एवढं चालवून दाखवा. शेवटाची काय घाई आहे?"

३

पुढच्या काही दिवसांत आवाजाची ती कड सुटी झाली.

आता आधी एक बारीकशी लिफ्ट वाजायची. किल्लीची कुरबुर, जुडगा, बाक, सगळं क्रमानं, पण कापसात गुंडाळल्यासारखं. आणि मग थोड्या वेळानं खरीखुरी लिफ्ट, खरीखुरी किल्ली, आणि घर भरून टाकणारी हाक. जॅमरबाईनं समोरच्या घराला दोष दिला. तिथं नवे भाडेकरू आले होते. त्यांच्यातलाही कोणी याच सुमारास घरी येत असेल, त्यांच्याही दाराजवळ बाक असेल. इमारत एकाच साच्यातून काढलेली, भिंती पापडाएवढ्या.

शिवाय तिला तिकडे लक्ष द्यायला फुरसत कुठे होती? नवराच बदलला होता.

"जॅमरबाई! घरात आहात की ढगात?"

मागच्या खोलीच्या चौकटीला दोन्ही हात लावून तो हसत उभा असायचा. नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर काळोख्या खोलीत बसून एकच प्रश्न: हे दिसतंय? आता? आधीचं बरं की हे? घरी यायचा तोवर त्याच्याजवळचे शब्द संपलेले असत. तरी गेल्या वर्षभरात तो अधूनमधून याच चौकटीत येऊन म्हणायचा, "जरा बोलायचं होतं." ती पडद्यावरची नजर न काढता एक बोट वर करायची. एक मिनिट. तो थोडा वेळ उभा राहायचा, मग निघून जायचा. सपातांचा आवाजसुद्धा यायचा नाही. नंतर तिला आठवलं आणि तिनं विचारलं, "काय म्हणत होतास रे?" तर "काही नाही, जाऊ दे."

आणि आता हा. तिच्या खुर्चीच्या हातावर बसून दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करणारा, तिच्या मानेवर हात ठेवून "दमलीस?" असं विचारणारा. ती इतकी हसली की सासूबाई बघायला आल्या. कसला आनंद झाला हे सांगायला तिलाही जमलं नसतं. कोरड्या नळाला अचानक पाणी यावं, तसं काहीसं. अशा वेळी पाणी कुठून आलं हे कोणी विचारत बसत नाही. बादली लावतो.

फक्त एक गोष्ट तिच्या मनाला चाटून गेली. जॅमरबाई हे नाव ऑफिसातलं. ते आपण घरी कधी सांगितलं होतं?

सांगितलं असेल. माणूस दहा गोष्टी बोलतो, लक्षात थोड्याच राहतात.

४

सासूबाईंना कमी ऐकू यायचं. कानाला लावायचं यंत्र होतं, पण ते सारखं शिटी मारायचं, म्हणून त्या दुपारनंतर काढूनच ठेवायच्या. एका संध्याकाळी जॅमरबाई स्वयंपाकघरात आली तेव्हा त्या टेबलाशी भाजी निवडत होत्या.

"चहा टाकते, आई," ती हाताच्या खुणा करत मोठ्यानं म्हणाली. "तो येईलच एवढ्यात."

"आलाय की. मघाशीच दिला मी त्याला चहा. बाहेर बाकावर बसून प्यायला."

"अहो आई, तो अजून यायचाय."

"माझे कान गेलेत गं बाई, डोळे नाहीत गेले."

ती दाराजवळ गेली. बाकावर कोणी नव्हतं. बाकाच्या कडेला मात्र एक कप होता, जवळजवळ रिकामा. तिनं तो उचलला. तळाशी चहाचा एक घोट उरला होता आणि कप अजून कोमट होता.

सासूबाईंनीच प्यायला असेल आणि विसरल्या असतील. या वयात होतं असं. आपल्या आईचंही होतंच की. चष्मा डोक्यावर आणि शोध सगळ्या घरभर. अशी मनाची समजूत घालत ती कप धरून उभी होती तेवढ्यात लिफ्ट खडखडली, कुलूप उघडलं आणि तो आत आला. "जॅमरबाई! आज दारात स्वागत? काय पुण्य केलं होतं मी!"

तिनं त्याला चहा दिला. तो मिटक्या मारत प्यायला. सासूबाई भाजी निवडायच्या थांबल्या. त्या मुलाकडे बघत होत्या, पण उन्हात कोणाला तरी ओळखू पाहावं तसे डोळे बारीक करून. मग त्यांनी बाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"चहा दोनदा प्यायची सवय कधीपासून लागली याला?" त्या पुटपुटल्या. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं पुटपुटणं साऱ्या घराला ऐकू जातं. तिलाही ऐकू गेलं. तो मात्र हसतच राहिला, आणि हसू जरा उशिरा थांबलं.

५

ते उशिरा थांबणं एकदा लक्षात आल्यावर तिला ते सगळीकडे दिसू लागलं. फार लांबच्या माणसाशी फोनवर बोलताना आपला प्रश्न तिथं पोचून उत्तर परत येईपर्यंत मध्ये जसा एक पोकळ क्षण जातो, तसा क्षण त्याच्या प्रत्येक उत्तराआधी असायचा. उत्तर यायचं ते मात्र सुरेख. तिला हवं असायचं, नेमकं तेच.

आणखीही काही होतं. पूर्वी तो सारखा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचा. तेव्हा त्याचे डोळे बारीक आणि उघडेवाघडे दिसायचे. आता तो चष्मा पुसत नसे. काचा लख्ख असत, आणि त्यांच्यात पाहिलं की तिला तीच दिसायची. तो तिच्याकडे पाठ करून कधी बसत नसे. एकदा ती मुद्दाम खिडकी लावायचं निमित्त करून सोफ्याच्या मागे गेली. खिडकी लावून वळली तर तो तिच्याकडे तोंड करून बसलेला. हलल्याचा आवाज नाही, काही नाही. "काय बघतेस?" तो म्हणाला. नजरेची चूक असेल. दिवसभर पडद्याकडे बघितल्यावर दुसरं काय होणार?

घरातून त्याच्या वस्तू जात होत्या. आधी दाढीचं सामान. मग सपाता. मग तो लहानपणापासून उशाशी ठेवायचा तो खरखरणारा रेडिओ. तिनं विचारलं तर पोकळ क्षण जाऊन उत्तर आलं, "जुनं झालं होतं सगळं. टाकून दिलं."

त्यानं आईंसाठी नवं यंत्र आणलं. छोटंसं, कानात दिसतही नव्हतं, शिटीसुद्धा मारत नव्हतं. "कान उघडले बघ माझे," त्या सांगत सुटल्या. झोपतानाही काढायच्या नाहीत. मुलाचा आवाज आला की त्यांचा चेहरा तिकडे फिरायचा, सूर्यफुलासारखा. तो मघाशीच आला, असं त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

आधीचे ते बारीक आवाज अजून येत होते, रोज थोडे कमी. कधी नुसती किल्ली. कधी नुसता बाक. तिला त्यांची सवय झाली होती. पाण्याखालून घर ऐकावं तसे ते दिवस तिच्यावरून वाहत होते आणि त्यात एक गुंगी होती, गोड.

एकदा काम ऐन रंगात आलेलं असताना कोणीतरी चौकटीत येऊन उभं राहिलं. तिनं मान न वळवता, सवयीनं, एक बोट वर केलं. थोडा वेळ गेला. मग ते माणूस निघून गेलं.

बोट अजून वरच होतं तेव्हा बाहेर लिफ्टचं दार खडखडलं आणि खणखणीत हाक आली. "जॅमरबाई!"

ती सावकाश वळली. चौकटीत कोणी नव्हतं. दाराचा पडदा हलून थांबत होता.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात तिनं काकांना युक्ती चालवून दाखवली. मोठ्या पडद्यावर एक ठिपका उजळला. मग तो खऱ्या जागेवरून हळूहळू मागे घसरू लागला आणि ठिपक्यावर नजर ठेवणारी रडारची चौकट त्याच्यामागे सरकू लागली. जिथून तो निघाला तिथं दुसरा एक ठिपका राहिला होता. इतका पुसट, की माहीत नसेल त्याला पडद्यावरची धूळ वाटावी.

"वा, लोण्यासारखा घसरतोय की!" काका उशीवर पुढे सरकले. "नोकरीत होतो तेव्हा हे बघून अंगावर काटा यायचा."

"शेवट सांगणार होतात तुम्ही."

"शेवट सोपा आहे. खोटा पुरेसा लांब गेला की बंद करायचा. रडार रिकाम्या आभाळाकडे टक लावून बसतं आणि खरा तोवर निसटलेला असतो."

तिनं पडद्यावरच्या धुळीकडे बघितलं. "काका, हा खोटा सोडतं कोण? शत्रूचं दुसरं विमान?"

"छे हो! तेच विमान. बाहेरचा कोण कशाला या भानगडीत पडेल? ज्याला निसटायचं असतं, तोच आपल्यामागे खोटा सोडून जातो."

तिचे हात गार पडले. हे सगळं पडद्यावरचं आहे, ती स्वतःला बजावत होती. पडद्यावरची गोष्ट घरात आणायची नसते. पण विचारायचं ते तिनं विचारलंच.

"आणि त्याला पकडायचं असेल तर?"

"जोरकस असेल त्याच्याकडे बघायचंच नाही. सगळ्यात आधी येतो तो धरायचा, कितीही बारीक असो. आणि धरला की नजर हलवायची नाही. कठीण असतं, बाई. जोरकस ठिपका फार गोड असतो."

"मी आज लवकर निघते," ती पर्स उचलत म्हणाली. काकांनी ऐकलंसं दिसलं नाही. ते पडद्याकडे बघत होते. ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून त्यांचं हसणं ऐकू आलं. "वा, जॅमरबाई! हे आणखी छान सुचलं तुम्हाला!"

पडद्यालाच शाबासकी देत असणार. ती थांबली नाही.

७

घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. सासूबाई आपल्या खोलीत पडल्या होत्या. तिनं फोन बंद केला, दाराला आतून कडी लावली आणि बाकासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. वेडेपणा आहे हा, एक मन म्हणत होतं. नवरा येईल, तुला अशी बसलेली बघेल आणि पोट धरून हसेल. बरं होईल हसला तर, दुसरं मन म्हणत होतं.

फ्रिज गुरगुरून थांबला. नळ ठिबकत होता. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. घरात इतके आवाज असतात हे तिला ठाऊकच नव्हतं. ती ते एकेक करून बाजूला ठेवत गेली.

मग फार लांबून, दुसऱ्याच कुठल्या इमारतीतून यावी तशी, लिफ्ट आली. कुलपात किल्ली अडली. कडी तर लावलेली होती, आणि दार उघडल्याचं तिनं पाहिलं नाही. पण बाक कुरकुरला, आणि बाकावर तो होता.

वाफ धरलेल्या काचेपलीकडे माणूस दिसावा तसा. मान खाली घालून तो सदऱ्याच्या टोकाला चष्मा पुसत होता.

"अरे," ती म्हणाली.

तो थांबला. मग मागे वळून पाहू लागला, ती कोणाशी बोलतेय ते बघायला.

"तुझ्याशीच बोलतेय मी."

"मी दिसतोय तुला?"

"दिसतोयस."

"स्पष्ट?" त्यानं विचारलं, दुकानात विचारायचा त्याच आवाजात.

तिला खोटं बोलवेना. "थोडासा."

तो हसला. किती दिवसांत तिनं हे हसू पाहिलं नव्हतं; लगेच मिटणारं, संकोचल्यासारखं. ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तिनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली. कापड हाताला लागलं, पातळ आणि थंड.

"कुठं चाललायस?"

"कुठं असं नाही गं. इथून उठणं रोज थोडं सोपं होत चाललंय, एवढंच."

"माझ्यावर चिडून?"

"चिडून नाही. दमलो होतो. वाटायचं, माझ्याऐवजी कोणीतरी बोलावं. हसावं. मग एक दिवस माझ्यामागून कोणीतरी बोलायला लागलं."

"तू मला काहीतरी सांगणार होतास."

"होतो." त्यानं आठवून पाहिलं. "आता आठवत नाही."

बाहेर लिफ्टचं दार धाडकन उघडलं. कुलूप फिरलं, दार कडीवर आपटलं. "जॅमरबाई! कडी का लावलीत? उघडा, तुमचा सेवक आलाय!"

"उघड त्याला," नवरा हळूच म्हणाला. "चांगला आहे तो. आई खूश असते. तूसुद्धा किती हसायचीस. मी ऐकायचो इथं बसून."

"नाही उघडणार."

बाहेरचा आवाज मऊ झाला. तो तिला माहेरच्या लाडक्या नावानं हाक मारू लागला. म्हणाला, उद्यापासून मी सुट्टी घेतलीय, आपण दोघंच कुठंतरी जाऊ. म्हणाला, तुझं काम किती अवघड आहे ते मला कळतं, कोणाला कळत नसलं तरी. लग्नाच्या आधीपासून कोणीतरी म्हणावं म्हणून ती वाट बघत होती असं एक वाक्य तो म्हणाला, आणि तिची मान आपोआप दाराकडे वळू लागली. तिनं ती दात आवळून रोखली. नजर कुठं ठेवायची? नवऱ्याच्या मनगटावर बाहीचं एक बटण सुटायला आलं होतं, एका दोऱ्यावर लोंबत होतं. तिनं फक्त त्या बटणाकडे बघितलं.

बटणाची भोकं. दोऱ्याचा पीळ. मग मनगटावरचे केस, मग बोटं, काचा घासून खरखरीत झालेली. आजूबाजूचं घर विरत गेलं. दार, भिंत, खिडकीतलं ऊन. मान वर करायचं धाडस तिनं केलं तेव्हा त्याचा चेहरा समोर होता, दाढीच्या खुंटांसकट, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसकट. वाफ नाही, काही नाही.

"आता स्पष्ट दिसतोयस," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"तूही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात मात्र आनंदापेक्षा दुसरंच काहीतरी होतं. तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता.

८

सासूबाईंच्या खोलीचं दार उघडलं. त्या केस सारखे करत बाहेर आल्या.

"सूनबाई, अगं केव्हाचं दार वाजतंय! कुठं आहेस?"

त्या अगदी समोर उभ्या होत्या. बाकाकडेच बघत होत्या.

"आई, मी इथं आहे," जॅमरबाई म्हणाली.

तिचा आवाज तिलाच बारीक वाटला, कापसात गुंडाळल्यासारखा. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मग एक पोकळ क्षण गेला, आणि मागच्या खोलीतून तेच शब्द आले. तिच्याच आवाजात, पण भरघोस, लाघवी.

"आई, मी इथं आहे! आले हं, आले!"

सासूबाईंचा चेहरा तिकडे फिरला आणि उजळला. मागच्या खोलीत खुर्ची सरकली. पावलं येऊ लागली. ती पावलं तिला ओळखीची होती. स्वतःची पावलं माणसाला कळतात. तिनं मान वळवली नाही. बाही घट्ट धरून ती बटणाकडे बघत राहिली. पण कडी बाकाच्या वरच होती, आणि कडीकडे गेलेला हात तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून निसटला नाही. तिचाच हात. तळहाताच्या कडेचा तीळसुद्धा. फक्त नखं छान वाढवलेली होती. ती आपली नखं कायम कुरतडायची.

कडी निघाली.

"किती वेळ, जॅमरबाई!"

"कामात होते ना! चल, चहा टाकते. आई, तुम्ही पण घ्याल ना घोटभर?"

"घेईन की. आज काय, दोघांची स्वारी फारच खुशीत दिसतेय?"

तिघंही आत गेली. स्वयंपाकघरातला दिवा लागला. कपबश्या वाजल्या, कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळी हसली. एक हसू जरा उशिरा थांबलं. मग दुसरंही.

"आई!" जॅमरबाईनं हाक मारली. जिवाच्या आकांतानं मारली. आतली कपबशीसुद्धा हलली नाही.

बाहेरच्या खोलीत अंधारत चाललं होतं, आणि तिथला दिवा लावायला कोणी आलं नाही. तिच्या हातातली बाही आता पातळ नव्हती, थंडही नव्हती. चांगली जाड, ऊबदार, माणसाच्या अंगावरची बाही होती. ती उठून उभी राहिली आणि आतल्या उजेडाकडे बघत राहिली.

"सुरुवातीला जरा गार लागतं," तो म्हणाला, आणि बाकावर तिच्यासाठी सरकला.